कुंपणाने खाल्लेले शेत : गिरमिट, कायदा आणि ख्रिस्ती सदसद्विवेक

१/२०
"करार होता, कराराखाली अंगठा होता, अंगठ्याला साक्ष मॅजिस्ट्रेटची होती, मग फसवणूक कसली?" गिरमिट पद्धतीचा विषय निघाला की हा प्रश्न आजही हटकून विचारला जातो. १८३४ पासून १९१७ पर्यंत मॉरिशस, ब्रिटिश गयाना, त्रिनिदाद, नाताळ, सुरिनाम, फिजी अशा वसाहतींत तेरा लाखांच्या आसपास भारतीय स्त्रीपुरुष करारबद्ध मजूर म्हणून नेले गेले. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांतून मॉरिशसला गेलेली मराठी माणसेही त्यांत होती. कायद्याचा कागद पुढे केला की फसवणुकीचा आरोप आपोआप गळून पडतो, असे प्रश्नकर्त्याला वाटते. या धाग्याचे प्रतिपादन नेमके उलट आहे. येथे फसवणूक कायद्याच्या डोळ्यांत धूळ फेकून झालेली नाही. ती कायद्याच्याच हातून, त्याच्या शिक्क्यानिशी झाली.

२/२०
आरंभ एका पत्रापासून करणे योग्य. ४ जानेवारी १८३६ रोजी लिव्हरपूलचे धनाढ्य व्यापारी जॉन ग्लॅडस्टन यांनी कलकत्त्याच्या गिलँडर्स, आरबुथनॉट आणि कंपनी या पेढीला पत्र लिहिले. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली होती, 'उमेदवारी'च्या नावाखाली चाललेली तिची शेपटीही थोड्याच काळात तुटणार होती. ग्लॅडस्टन यांच्या गयानातील उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. मॉरिशसला भारतीय मजूर पाठवले जात असल्याचे त्यांच्या कानी आले होते. तसेच मजूर काही वर्षांच्या कराराने आपल्यालाही मिळतील काय, एवढीच त्यांची पृच्छा होती. पत्राची भाषा शांत, व्यापारी आणि सभ्य आहे. माल मागवताना असते तशी.

३/२०
पेढीचे उत्तर त्याच वर्षी गेले. मजूर मिळण्यास अडचण पडणार नाही, कारण आपण कोठे जाण्याचे कबूल करतो आहोत आणि प्रवास किती लांबचा आहे याची या लोकांना काहीच कल्पना नसते, असा त्या उत्तराचा आशय होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. गुन्ह्याचा पुरावा सहसा आरोपीच्या शत्रूकडे सापडतो; येथे तो आरोपीच्याच पत्रव्यवहारात, सोय म्हणून नोंदवलेला सापडतो. मजुराचे अज्ञान हा या व्यवहारातला अपघात नव्हता, ते त्याचे भांडवल होते. (या पत्रव्यवहारात 'धांगर' हा शब्द येतो. तो महाराष्ट्रातील धनगरांविषयी नाही. छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातील आदिवासी मजुरांना कलकत्त्यात त्या नावाने ओळखत.)

४/२०
हे ग्लॅडस्टन कोण? पुढे चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टन यांचे वडील. धर्मशील गृहस्थ, लिव्हरपूलमध्ये त्यांनी स्वखर्चाने चर्च उभारले होते. गुलामगिरी रद्द झाली तेव्हा २,५०८ गुलामांच्या बदल्यात त्यांना १,०६,७६९ पौंडांची नुकसानभरपाई मिळाली. गुलामांना अर्थातच काही मिळाले नाही. १८२३ मध्ये डेमेरारा येथे गुलामांचा जो उठाव झाला त्याचा उगम त्यांच्याच 'सक्सेस' नावाच्या मळ्यावर होता. शेजारच्या मळ्यावरील प्रार्थनामंदिराचे मिशनरी जॉन स्मिथ यांना त्या उठावाबद्दल दोषी ठरवून मृत्युदंड सुनावला गेला, आणि १८२४ मध्ये ते तुरुंगातच मरण पावले. म्हणजे एकाच उसाच्या पट्ट्यात, एकाच ख्रिस्ताची नावे घेणारे दोघे उभे होते: एक मळ्याचा मालक, दुसरा त्याच मळ्यावरच्या माणसांसाठी तुरुंगात मेलेला.

५/२०
'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही दोन जहाजे जानेवारी १८३८ मध्ये कलकत्त्याहून निघाली आणि मे महिन्यात गयानाला पोहोचली. त्यांतले काही मजूर ग्लॅडस्टन यांच्या मळ्यांवर गेले. वर्षभरातच गुलामगिरीविरोधी चळवळीतले कार्यकर्ते जॉन स्कोबल तेथे पोहोचले आणि चाबकाचे फटके, आजारपण, मृत्यू यांची हकिकत त्यांनी इंग्लंडमध्ये उघड केली. १८४० च्या फेब्रुवारीत वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनी असे लिहिले की, ज्यातून गुलामगिरीचीच नवी पद्धत जन्माला येईल अशा योजनेची जबाबदारी घेण्यास ते तयार नाहीत. 'गिरमिट म्हणजे नवी गुलामगिरी' हा आरोप नंतरच्या राष्ट्रवाद्यांनी रचला असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. आरोप करणारा साम्राज्याचाच मंत्री होता आणि तेव्हा पद्धत जेमतेम सहा वर्षांची होती.

६/२०
इकडे कलकत्त्यातही ऑगस्ट १८३८ मध्ये चौकशी समिती नेमली गेली. थिओडोर डिकन्स, रसमय दत्त आणि धर्मोपदेशक जेम्स चार्ल्स या तिच्या सदस्यांनी भरतीत फसवणूक आणि अपहरण होत असल्याचा निष्कर्ष काढला. मजुरांची निर्यात काही काळ थांबली. पण साखरेला धीर नव्हता. १८४२ मध्ये मॉरिशसचा मार्ग कायद्याने पुन्हा खुला झाला, त्यानंतर कॅरिबियन वसाहतींचा. या खेपेस सरकारने दुरुस्ती केली: परवानाधारक भरतीदार आले, मॅजिस्ट्रेटपुढे नोंदणी आली, बंदरावर 'स्थलांतरितांचा संरक्षक' हा अधिकारी आला. १८८३ च्या एकविसाव्या कायद्याने ही सारी व्यवस्था पक्की केली. शेताला कुंपण घातले गेले. पुढचा इतिहास कुंपणाने शेत खाल्ल्याचा आहे.

७/२०
भरती करणाऱ्याला लोक 'आरकाटी' म्हणत. परवाना एकाच्या नावावर, आणि त्याच्या हाताखाली बिनपरवान्याची माणसे हिंडत. मोबदला डोईमागे, बाईमागे अधिक. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असाव्यात असा नियम होता. तो स्त्रियांच्या हिताचा वाटतो, पण प्रत्यक्षात त्याने आरकाट्याला तीर्थक्षेत्रे, जत्रा आणि रेल्वेस्थानके यांच्याकडे वळवले: घर सोडलेली विधवा, सासरी छळलेली सून, यात्रेत चुकलेली बाई. सुरिनामला 'श्रीरामाचा देश' आणि त्रिनिदादला 'चिनीदाद', म्हणजे चिनी चाळण्याचे सोपे काम असलेला मुलूख, म्हणून सांगितले गेल्याच्या आठवणी गिरमिटियांच्या वंशजांत आजही सांगितल्या जातात. संरक्षणाचा प्रत्येक नियम मागणी बनून खाली उतरत होता आणि मागणी कशी पुरवली हे कोणी विचारत नव्हते.

८/२०
आता मॅजिस्ट्रेटच्या साक्षीकडे वळू. तोताराम सनाढ्य हे उत्तर प्रदेशातील तरुण गृहस्थ आरकाट्याच्या बोलण्याला भुलून १८९३ मध्ये फिजीला पोहोचले आणि एकवीस वर्षांनी परतले. 'फिजी द्वीप में मेरे इक्कीस वर्ष' या त्यांच्या आठवणींत नोंदणीचे वर्णन आहे. आरकाट्याने आधीच पढवून ठेवलेले असे: साहेब विचारील त्याला 'हो' म्हणायचे, 'नाही' म्हटलेस तर तुरुंगात जाशील. साहेबाने प्रत्येकाला फिजीला जाण्यास राजी आहेस का, एवढेच विचारले. फिजी कोठे आहे, काम कोणते, न केल्यास शिक्षा कोणती, यातले काही नाही. तोताराम यांच्या म्हणण्याप्रमाणे १६५ माणसांची नोंदणी सुमारे वीस मिनिटांत उरकली. भागाकार केला तर माणशी सात सेकंद. पाच वर्षांच्या आयुष्याचा सौदा सात सेकंदांत झाला, आणि कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष होता.

९/२०
कागदात काय होते? फिजीच्या करारात पाच वर्षांची मुदत होती. पुरुषाला दिवसाला एक शिलिंग, स्त्रीला नऊ पेन्स मजुरी. एक शिलिंग म्हणजे बारा आणे, असा हिशेबही तेथेच दिलेला. दहा वर्षांनंतर परतीचा फुकट प्रवास. त्या काळच्या हिंदुस्थानी खेड्यात बारा आणे रोज ही स्वप्नवत मजुरी होती. आकडा खोटा नव्हता, आणि येथेच या कपटाची हुशारी आहे. फिजीत धान्य आणि इतर जिन्नस किती महाग आहेत हे कागद सांगत नव्हता. बारा आणे मिळणार तेही नेमून दिलेले काम पूर्ण झाले तरच, आणि ते पुरे झाले की नाही हे मळ्यावरचा गोरा ओव्हरसियर ठरवणार, याचा परिणाम कागदावरून कोणाला उमगणे शक्य नव्हते. खरे आकडे लिहून खोटे चित्र उभे करण्याची कला त्या मसुद्याला पुरेपूर साधली होती.

१०/२०
कागदात काय नव्हते? कायद्याच्या व्याख्येनुसार 'टास्क' म्हणजे सामान्य धडधाकट माणूस सहा तासांच्या सलग श्रमात करू शकेल इतके काम. मोजमाप मात्र मालकाच्या हाती. टास्क अपुरा राहिला, कामावर गैरहजर राहिला, परवानगीवाचून मळा सोडला, तर ते दिवाणी करारभंगाचे प्रकरण नसून फौजदारी गुन्हा होता: दंड किंवा तुरुंग. गेलेले दिवस कराराच्या मुदतीत वाढवले जात. नोकरी सोडणे हा जेथे गुन्हा असतो तेथे नोकरी हा शब्दच अर्थहीन होतो. आणि ही दंडाची कलमे मजुराच्या हाती दिलेल्या कागदात नव्हती. गावी ज्याने अंगठा उठवला त्याने मजुरीला संमती दिली होती. तुरुंगाला संमती द्यायची आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मळ्यावरच्या जगण्याला गिरमिटिये एकाच शब्दात ओळखत: नरक.

११/२०
या कपटाचे सर्वांत काटेकोर विच्छेदन एका मराठी माणसाने केले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ठरावामुळे १९१० मध्ये नाताळला होणारी भरती थांबवण्याचा मार्ग मोकळा झाला होता. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी केंद्रीय विधिमंडळात संपूर्ण पद्धतच बंद करण्याचा ठराव मांडला. त्यांच्या मांडणीचे सहा मुद्दे होते: मजूर स्वतःला बांधून घेतो तो अनोळखी, दूरच्या देशाला, न निवडलेल्या मालकाला, परवान्यावाचून न सोडता येणाऱ्या मळ्याला, मध्येच मागे न घेता येणाऱ्या मुदतीला, मोकळ्या मजुरापेक्षा कमी असलेल्या वेतनाला, आणि सर्वांत वाईट म्हणजे, देश सोडण्यापूर्वी कधीही न समजावलेल्या, परक्या भाषेतल्या, क्षुल्लक चुकीसाठी फौजदारी शिक्षा देणाऱ्या खास कायद्याला.

१२/२०
गोखल्यांच्या मांडणीत आवेश कमी आणि तर्क अधिक आहे. त्यांनी मळेवाल्यांच्या क्रौर्याच्या कथांवर भर दिला असता तर सरकारने 'अपवाद' म्हणून त्या बाजूला सारल्या असत्या. त्यांनी बोट ठेवले ते कराराच्या नियमावर. दोन्ही पक्षांना अटी ठाऊक असणे ही कोणत्याही कराराची पहिली अट. तीच नसेल तर कागदावरचा अंगठा म्हणजे शाईचा डाग. इंग्रजी कायद्याच्याच कसोटीवर त्यांनी इंग्रजी कायद्याला उभे केले. सरकारकडे उत्तर नव्हते, पण सरकारी सदस्यांचे बहुमत होते. ठराव फेटाळला गेला. सभागृहातल्या मतांनी तो पडला आणि भारतीय लोकमतात तेथूनच उभा राहिला. गोखले १९१५ च्या फेब्रुवारीत वारले. शेवट पाहायला ते उरले नाहीत.

१३/२०
आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट युक्तिवाद. फिजीतील एका गिरमिटियाचे नातू असलेले इतिहासकार ब्रिज लाल यांनी उत्तर भारतातून गेलेल्या सुमारे ४५ हजार स्थलांतरितांच्या नोंदी तपासल्या. सगळेच भोळे होते आणि सगळेच फसले, या चित्राला त्यांनी आव्हान दिले. अनेकांनी गाव आधीच सोडले होते. दुष्काळ, कर्ज, जातीचा जाच, घरातील कलह यांतून बाहेर पडण्याचा तो मार्ग होता. हे संशोधन प्रामाणिक आहे आणि स्वीकारलेच पाहिजे. पूर्वजांना केवळ मेंढरे ठरवणे हाही एक अपमानच. पण यावरून 'फसवणूक नव्हती' असा निष्कर्ष काढणे हे तर्काचे घसरणे आहे. आरकाट्याचे खोटे माणसागणिक बदलत होते. एखाद्याशी तो अजिबात खोटे बोलला नसेल. कायद्याचे मौन मात्र सर्वांसाठी सारखेच होते. स्वेच्छेने निघालेल्यालाही दंडाची कलमे कोणी वाचून दाखवली नव्हती.

१४/२०
या मौनाची किंमत सरकारी कागदांतच नोंदली गेली. १९१३ मध्ये मॅक्नील आणि चिमन लाल या दोघांना वसाहतींच्या पाहणीसाठी पाठवले गेले. त्यांचा अहवाल एकंदरीत पद्धतीला अनुकूल होता. तरीही त्यातील आत्महत्यांचे आकडे असे आहेत: फिजीत करारात असलेल्या मजुरांत दहा लाखांमागे ९२६, करारातून सुटलेल्या भारतीयांत १४७. माणसे त्याच मुलखातून आलेली, बेट तेच, हवा तीच, ऊस तोच. फरक करणारी मुख्य गोष्ट एकच, ती म्हणजे गिरमिट. या आकड्यांशेजारी 'एकूण लाभ अधिक' असा शेरा मारता येतो, ही कोणत्याही काळातील अहवालांविषयी सावध करणारी गोष्ट आहे.

१५/२०
येथून दुसरा प्रश्न सुरू होतो. हे मळेवाले, मंत्री, मॅजिस्ट्रेट बहुतांशी ख्रिस्ती होते आणि रविवारी चर्चला जात होते. त्यांच्या धर्मग्रंथाला परदेशी मजुराविषयी काही म्हणायचे नव्हते काय? वस्तुतः क्वचितच एखाद्या ग्रंथाने या विषयावर इतके स्पष्ट बोलून ठेवले असेल. निर्गम आणि लेवीय या पुस्तकांत परक्याला छळू नये, त्याला आपल्यातलाच मानावे असा आदेश आहे, आणि कारणही दिले आहे: तुम्हीही एके काळी मिसर देशात परके होता. अनुवादात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी असे सांगितले आहे, मग तो स्वकीय असो वा परका. याकोबाचे पत्र तर श्रीमंतांना बजावते की कपटाने अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच आक्रोश करते आणि तो आक्रोश देवाच्या कानी जातो. येथे अपराधाचे नाव केवळ चोरी नसून कपट आहे, हे महत्त्वाचे. मळेवाल्यांना हे उतारे अपरिचित नव्हते. त्यांनी फक्त 'परका' या शब्दाच्या जागी 'कुली' वाचला नाही.

१६/२०
संस्था म्हणून चर्चने काय केले? फिजीत मेथडिस्ट मिशन १८३५ पासून होते. १८७९ च्या मे महिन्यात 'लिओनिदास' जहाज पहिले ४६३ गिरमिटिये घेऊन आले, पण १८९७ मध्ये हॅना डडली येईपर्यंत, म्हणजे जवळपास दोन दशके, भारतीयांमध्ये मिशनचे भरीव काम उभे राहिले नव्हते. डडलींनी शाळा काढली, अनाथ मुले सांभाळली. हे दयेचे काम होते आणि ते थोर होते. पण दया जखमेवर पट्टी बांधते. जखम कोण करतो हे विचारण्याचे काम न्यायाचे. तो प्रश्न १९०२ मध्ये आलेल्या जॉन बर्टन या मिशनऱ्याने विचारला. १९१० च्या 'द फिजी ऑफ टुडे' या पुस्तकात त्यांनी म्हटले की गिरमिट आणि गुलामगिरी यांतला भेद मुख्यतः नावाचा आणि मुदतीचा आहे. ज्या वसाहतीत सारी अर्थव्यवस्था एका साखर कंपनीभोवती फिरत होती, तेथे राहून हे लिहिणे सोपे नव्हते.

१७/२०
बर्टन यांच्या पुस्तकाने अस्वस्थ झालेल्यांत चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज होते. १९०४ मध्ये मिशनरी म्हणून दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवायला आलेले, १९१४ मध्ये गोखल्यांच्या सांगण्यावरून विल्यम पिअर्सन यांच्यासह दक्षिण आफ्रिकेत गेलेले. १९१५ मध्ये हेच दोघे फिजीला गेले, मजुरांच्या लाईनींत हिंडले, कराराचा कागद आणि फिजीचा कायदा शेजारी शेजारी ठेवून वाचले. १९१६ च्या आरंभी प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल 'पद्धत सुधारा' असे सांगून थांबत नाही. ती बंद करा, असे सांगतो. अँड्र्यूज यांच्या लेखी ख्रिस्त मळ्याच्या मालकाशेजारी बसलेला नव्हता, तो लाईनीतल्या कोठडीत होता. मत्तयाच्या शुभवर्तमानातील न्यायनिवाड्याच्या प्रसंगात परका म्हणून दारी आलेल्यालाच प्रभू मानण्याची जी कसोटी आहे, ती त्यांनी शब्दशः घेतली. 'दीनबंधू' हे बिरुद त्यांच्या नावाला उगाच चिकटले नाही.

१८/२०
पण म्हणून 'एका सज्जन इंग्रजाने गिरमिट संपवले' ही कथाही खोटीच. अँड्र्यूज यांच्या आधी तोताराम यांचे पुस्तक होते. त्याआधी कुंती होती: १९१२ मध्ये ओव्हरसियरच्या हातून सुटण्यासाठी नदीत उडी घेणारी आणि बचावल्यावर आपली हकिकत 'भारतमित्र' पत्रापर्यंत पोहोचवणारी मजूर स्त्री. तिच्या वृत्तान्ताने देश पेटला. मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांचा ठराव व्हाइसरॉय हार्डिंग यांनी स्वीकारला, आणि कपटाचा शेवटचा अंक तेव्हा झाला: दारामागे आणखी काही वर्षे भरती चालू ठेवण्याची बोलणी सुरू होती. अँड्र्यूज यांनी ते उघडकीस आणले. १९१७ च्या आरंभी सभांचा पाऊस पडला. मुंबईच्या जाईजी पेटिट यांच्या पुढाकाराने स्त्रियांचे शिष्टमंडळ व्हाइसरॉयकडे गेले. मार्चमध्ये भरती बंद झाली. फिजीतील उरलेले करार १९२० च्या आरंभी रद्द झाले.

१९/२०
समाजमाध्यमांवर या इतिहासाचे दोन सोयीस्कर अवतार हिंडत असतात. एक म्हणतो, मिशनरी म्हणजे साम्राज्याचे हस्तक, त्यांच्याकडून न्यायाची अपेक्षाच करू नये. दुसरा म्हणतो, गुलामगिरी काय आणि गिरमिट काय, ख्रिस्ती सदसद्विवेकानेच दोन्ही संपवली. पहिला स्मिथ, स्कोबल, चार्ल्स, बर्टन, अँड्र्यूज यांना पुसून टाकतो. दुसरा चर्च बांधणाऱ्या ग्लॅडस्टन यांना आणि कुंतीला. दोघांनाही इतिहासाकडून फक्त प्रमाणपत्र हवे आहे. धर्मग्रंथ स्वतः कोणाची बाजू घेत नाही, तो वाचणारा घेतो. न्यायाची हाक त्या पानांवर आधीपासून होती. ऐंशी वर्षांत ती ऐकू आलेली माणसे थोडी, आणि त्यांतली बहुतेक स्वतःच्या बिरादरीत एकाकी. हा हिशेब ख्रिस्ती धर्मापुरता मर्यादित मानण्याचेही कारण नाही. ज्या गावांनी समुद्र ओलांडून परतलेल्या गिरमिटियाला जातीबाहेर ठेवले, त्यांच्याही ग्रंथांत अतिथीला देव म्हटलेले होते.

२०/२०
१८८३ च्या स्थलांतर कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, स्वतंत्र भारताने नवा स्थलांतर कायदा केला. त्यात परवानाधारक भरती एजंट आहे आणि 'स्थलांतरितांचा संरक्षक' हे पदही जुन्याच नावाने आहे. गुलामी संपली, फौजदारी गिरमिट संपले, हा फरक मोठा आहे आणि तो पुसता कामा नये. पण येथे एक करार दाखवून आखातात उतरल्यावर दुसराच पुढे करणे, भरतीच्या खर्चाचे कर्ज मजुराच्या डोक्यावर ठेवणे, पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे, या तक्रारी आजही थांबलेल्या नाहीत, आणि त्या केल्या की ऐकू येणारे पहिले वाक्य असते, "सही तुझीच आहे ना?" १८३८ पासून हे वाक्य बदललेले नाही. म्हणून इतिहासाच्या वाचकाने करार पुढे आला की सही कोणाची एवढेच पाहून थांबू नये. कागदात काय लिहिले नाही, आणि ते न लिहिण्याने पैसा कोणाच्या खिशात गेला, हे आधी विचारावे. गोखल्यांनी १९१२ मध्ये विचारले होते ते एवढेच.